काटा

पनवेलच्या आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने पृच्छा केली, "फादर, नोकरी बदलायची आहे. पैसे देऊन कोच नेमू का?" आम्हांला शिवाजी पार्कवरील रमाकांत आचरेकर सर आठवले. ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. सचिन तेंडुलकरला बाद करणाऱ्या गोलंदाजास ते मिळे. नाबाद राहिल्यास सचिनला. अशी 13 नाणी त्याने जपली. पण तेथे ध्येय आधीच ठरलेले होते. ते ठरायचेच असेल तेव्हा? संत इग्नेशियस लोयोला यांच्या 1548 साली छापलेल्या साधनाग्रंथात मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे, असे सांगितले आहे. शुल्क घेतल्याने काटा झुकतोच असे नाही; घाईने मात्र झुकतो, आम्हां धर्मगुरूंचाही. म्हणून आम्ही एवढेच विचारले, "यात वडिलांची इच्छा किती, तुझी किती?" तो बराच वेळ गप्प बसला.