निंदणी

एका सरकारी कचेरीत मी ‘निंदणी’ हा शब्द, जुने कागद निवडून नष्ट करणं या अर्थाने, पहिल्यांदा ऐकला. आजोबांच्या नावची १९५०च्या दशकातली पीकपाहणीची नोंद हवी होती आणि ही माझी तिसरी खेप होती. कारकुनाने रजिस्टर मिटलं. म्हणाला, “आढळ होत नाही. निंदणीत गेलं असेल.” बोलणं उद्धट नव्हतं. त्या खोलीत एकटा माणूस, भिंतीला छतापर्यंत रॅक, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, आणि खालच्या दोन ओळींना वाळवीचे मातकट ओघळ.

रात्री रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला घरी आलो, आईला सांगितलं. तिने आयुष्यभर भात बेणलं आहे. ती म्हणाली, “निंदणी म्हणजे आपली बेणणीच ना? मग चूक होणारच. भातासारखंच दिसणारं गवत असतं. लोंबी आल्याशिवाय ते वेगळं कळत नाही.”

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत कागदाचं आयुष्य एका अक्षराने ठरतं. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. प्रकरण निकाली निघालं की संचिकेवर हे अक्षर पडतं, मग ती अभिलेख कक्षात जाते आणि मुदत भरली की बाहेर निघते. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत जुनी आहे. पुणे विभागातून सुरू झालेल्या ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेने २०१८च्या सुमारास तिला राज्यभर पुन्हा चालना दिली. त्यातला एक गठ्ठा नाश करायच्या कागदांचा. पद्धत चांगली आहे आणि तिची गरजही आहे. सगळं ठेवायचं म्हटलं तर काहीच सापडणार नाही, आणि न सापडणारा कागद असून नसल्यासारखाच. निंदणीशिवाय शेत होत नाही, हे मलाही कळतं.

माझा आक्षेप अक्षर टाकण्याच्या कसोटीला आहे. ‘हा कागद कचेरीला आणखी किती दिवस लागेल?’ एवढंच त्या वेळी विचारलं जातं. हिशेब तपासून झाला, अपिलाची मुदत संपली, की कचेरीपुरता कागद संपतो. पण ज्याच्या नावाची ओळ त्या कागदावर आहे, त्याचं काम बहुतेकदा त्यानंतर सुरू होतं. वीस वर्षांनी, चाळीस वर्षांनी, कधी त्याच्या नातवाच्या हयातीत.

पेशवे दप्तराचंच पाहा. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. त्यांच्या घराण्याच्या राज्याचे मोडीतले हजारो रुमाल आज पुण्यात आहेत. इंग्रजांनी ते का राखले? मराठ्यांच्या इतिहासाबद्दल आस्था होती म्हणून नव्हे. कंपनी सरकारला महसुलाचे जुने दर हवे होते आणि इनामदारांच्या सनदा तपासायच्या होत्या. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि याच कागदांच्या आधारे कित्येकांची इनामं गेली. लोकांच्या हातातून जमीन काढून घेण्यासाठी जपलेले हे कागद पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी वाचले, आणि १९३०च्या आसपास रियासतकार सरदेसायांनी त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वसुली अधिकारी होता. वाचायला आला इतिहासकार.

अगदी अलीकडेही हे घडलं. सप्टेंबर २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचणारी माणसं शोधून आणावी लागली. शाळांचे दाखल-खारीज रजिस्टर, महसुली कागद, आणि गावोगावची कोतवाल बुकं उघडली गेली. कोतवाल बुकाचं एक पान मी जवळून पाहिलं आहे. शाई तपकिरी झालेली, कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. तारीख, बापाचं नाव, जात, आणि पुढे नुसतं ‘मुलगी’. बाळाचं बारसंही झालेलं नसताना गावच्या कोतवालाने नोंदवलेला जन्म. त्या कोतवालाला आरक्षण हा शब्द ठाऊक असणं शक्य नव्हतं. राज्यभरात अशा नोंदी पन्नास लाखांहून अधिक निघाल्या. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू काय, हा वेगळा विषय. मला दिसतं ते एवढंच, की जिथे बुक टिकलं तिथल्या कुटुंबाला पुरावा मिळाला आणि जिथे कोणी ते गवत समजून उपटलं तिथल्या कुटुंबाला काही मिळालं नाही. दोन्ही घरांचं पूर्वायुष्य तेच.

दिघीसारख्या गावाला हे जास्त बोचतं. राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर आम्ही आणि समोर पाण्यात जंजिरा. १९४८पर्यंत हा मुलूख सिद्दींच्या संस्थानात होता. मग मुंबई राज्यात, कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं. राज्य बदललं की दप्तर हलतं, आणि हलताना गळतं. त्यात खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा छपरं गेली आणि लोकांनी आधी ट्रंका झाकल्या. कुणी टीव्ही झाकला नाही.

लोकांना कागदाची किंमत कळली आहे, कारण मधल्या काळात जमिनीची किंमत बदलली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणाऱ्याला मालक मानलं. पण कसत कोण होतं, हे सांगणार कोण? पीकपाहणीच्या रकान्यातली एक ओळ, खंडाची एखादी पावती. तेव्हा ही वरकस, डोंगरउताराची जमीन कोणी फारशी मोजतही नव्हतं. पुढे दिघीला खासगी बंदर आलं, ते दिवाळखोरीत गेलं, २०२१मध्ये अदानी समूहाने ते घेतलं. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघी पोर्ट औद्योगिक क्षेत्र आहे. आता या पट्ट्यात गुंठ्यागुंठ्याला वारस, कूळ आणि खरेदीदार उभे आहेत. सत्तर वर्षांपूर्वीच्या तलाठ्याने कंटाळून ओढलेली एक रेघ आज एखाद्या घराचं भवितव्य ठरवते.

आमच्या बंदराची एक दुखरी आठवण आहे, तीही इथे सांगायला हवी. जानेवारी १९९३मध्ये दिघीला शस्त्रं उतरली. फेब्रुवारीत जवळच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. दोषी ठरलेल्यांत कस्टम्सचे आणि पोलिसांचे लोकही होते. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २१ मार्च २०१३ला आला, म्हणजे वीस वर्षांनी. जेटीवरचं रजिस्टर, नाक्यावरची रात्रीची नोंद, गाडीचं लॉगबुक हे लिहिताना सगळ्यात क्षुल्लक वाटणारे कागद. पण कोणती गाडी कधी गेली आणि कोणी जाऊ दिली, हे तेच सांगू शकतात. अशा वह्यांवर अक्षर टाकताना हात जरा थांबावा, असं मला मनापासून वाटतं.

बंदरावरचे साधे कागद काय करू शकतात, हे ब्रिटनमध्येही दिसलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून तिथे आलेल्या लोकांच्या बोटीतून उतरतानाच्या चिठ्ठ्या गृहखात्याने २०१०मध्ये नष्ट केल्या. कार्यालयाला त्यांचा उपयोग उरला नव्हता. त्याच सुमारास कायदे कडक होत गेले आणि आयुष्य तिथे काढलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे, तुम्ही कधी आलात याचा पुरावा मागितला जाऊ लागला. कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं. २०१८मध्ये हे ‘विंडरश’ प्रकरण उघड झालं तेव्हा सरकारला माफी मागावी लागली. म्हणजे पुरावा मागणारं खातं आणि पुरावा फाडणारं खातं एकच होतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. केंद्राचा १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, राज्याचा २००५चा आहे. बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. केंद्राच्या कायद्यात १८९२पूर्वीचा कागद, तो पार निकामी झाला असेल तरच, नष्ट करता येतो. माहिती अधिकाराचा कायदा तर कलम ४मध्ये पहिल्यांदा अभिलेखांची सूची करायलाच सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३मध्ये बजावलं, की एकेकाळी असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येणार नाही, कसून शोध घ्यावा लागेल, जबाबदारी ठरवावी लागेल.

म्हणून ‘आढळ होत नाही’ या तीन शब्दांवर माझा राग आहे. ‘नष्ट केला’ हे उत्तर मी स्वीकारू शकतो, कारण त्याला तारीख असते, आदेश असतो, सही असते, नाश केलेल्या कागदांची यादी असते. त्याविरुद्ध भांडता येतं. ‘आढळ होत नाही’शी भांडता येत नाही. त्यात कोणी काही केलेलंच नसतं.

माझी मागणी साधी आहे. नाश करायच्या कागदांची यादी आधी गावात लावा. चावडीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, ग्रामसभेत वाचून. महिनाभर थांबा. जंगलजेटीवर, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर, तिकिटाच्या रांगेत उभी असलेली माणसं एकमेकांना विचारतील, की अमक्या सालच्या पाहणीच्या वह्या निघाल्यात, तुझं काही आहे का त्यात? कारकुनाला जे ओळखू येत नाही ते त्यांना येतं, कारण शेत त्यांचं आहे. स्कॅन करून हा प्रश्न सुटेल असं काही जण म्हणतात. पण स्कॅन कशाचं करायचं, हेही कोणीतरी अक्षर बघूनच ठरवतं.

चौथ्या खेपेला मी त्या वर्षांच्या नाशयादीची प्रत मागणारा अर्ज दिला आहे. उत्तर यायचं आहे. त्या संध्याकाळी आईने पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, एकाला एक चिकटलेल्या. तिला वाचता येत नाही, त्यामुळे यातलं काय ठेवायचं नि काय टाकायचं हे तिने कधी ठरवलंच नाही. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून एकेक सोडवली. सातवी का आठवी असेल, तिच्यावर आजोबांचं नाव होतं, सर्व्हे नंबरचे दोन आकडे होते, तिसऱ्यावर ओल आली होती. साल वाचता येत होतं, १९५६. आई म्हणाली, उन्हात ठेवू नकोस, शाई उडेल. मी ती पडवीत सावलीला, पाटाखाली दाबून ठेवली.