आजी आणि आई, दोघींची श्रद्धा



जुलै महिन्याच्या चौथ्या रविवारी ख्रिस्तसभा आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन साजरा करते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली तो सुरू केला. येशूचे आजी-आजोबा संत अ‍ॅना व संत ज्योकिम यांचा सण २६ जुलैला येतो, त्याला जवळचा असा हा रविवार.

संत पौल तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (१:५) त्याच्या निष्कपट श्रद्धेची आठवण काढतो. ही श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होती, असे तो सांगतो. आजी आणि आई, दोघींची नावे एकाच वाक्यात येतात. तीमथ्याचे वडील ग्रीक होते (प्रेषितांची कृत्ये १६:१). तरीही त्या घरात मुलाला श्रद्धेची वाट सापडली.

आता आपल्या घरांकडे पाहू या. पुष्कळ घरांत आईवडील दोघेही नोकरीला जातात आणि शाळेतून आलेली नातवंडे आपल्या हाती असतात. आपण त्यांना क्रुसाची खूण शिकवतो, सायंकाळी रोझरीला शेजारी बसवतो. ही मोठी सेवा आहे. पण रोझरी संपताच, ‘तुझ्या आईला कुठे वेळ असतो प्रार्थनेला?’ असे आपण बोललो तर? लेकराचा जीव आईवर असतो. आईचा अपमान त्याला कळतो, आणि मग आपली प्रार्थनाही त्याला नकोशी होते. सून किंवा जावई दुसऱ्या धर्मातले असतील, तर असा शब्द अधिकच खोल लागतो.

काही सांगायचेच असेल, तर मुलगा-सुनेला किंवा लेक-जावयाला एकांतात, प्रेमाने सांगू या. आईने मोबाइल नको म्हटले असेल, तर आपण तो लपवून देऊ नये. आईवडिलांचा मान राखायला नातवंडे आपल्याकडूनच शिकतात.

पोप फ्रान्सिस यांनी १८ मे २०१३ रोजी रोममध्ये आपल्या आजीची आठवण सांगितली होती. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत मृत ख्रिस्ताची मूर्ती जवळ आली, की ती नातवंडांना गुडघे टेकायला लावी आणि हा उद्या पुन्हा उठणार आहे, असे सांगे. तिचे बोलणे थोडकेच होते, पण नातवाला ते आयुष्यभर पुरले.

ह्या आठवड्यात आपण एवढेच करू या. नातवंडांसमोर त्यांच्या आईवडिलांविषयी एक तरी चांगली गोष्ट बोलू या आणि रोज रात्री त्यांच्यासोबत आईबाबांसाठी एक ‘नमो मरिया’ म्हणू या. नातवंडे परगावी किंवा परदेशी असतील, तर ही प्रार्थना फोनवरूनही म्हणता येईल.

संत अ‍ॅना व संत ज्योकिम, आमच्या घरांसाठी विनंती करा. आमेन.