फाटकावरची तपासणी

सिएरा लिओनमध्ये १४ एप्रिल २०१५ रोजी शाळा उघडल्या, तेव्हा देशातला इबोला संपलेला नव्हता. साथ आटोपली की मग शाळा, हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेला क्रम तिथे पाळला गेला नाही. तो देश इबोलामुक्त जाहीर व्हायला ७ नोव्हेंबर उजाडला. तोवर थांबले असते तर आणखी अर्धे वर्ष पाण्यात गेले असते. शेजारच्या गिनीने जानेवारीतच शाळा सुरू केल्या होत्या, लायबेरियाने फेब्रुवारीत. तिन्ही देशांत मिळून पन्नास लाखांच्या घरात मुले घरी बसून होती. आणि शाळांमुळे साथ पुन्हा भडकली, असे काही झाले नाही.

हे कसे जमले, ते बघण्यासारखे आहे. सत्तर लाख वस्तीचा देश. १९९१ ते २००२ अशी अकरा वर्षे यादवी युद्ध चाललेले. साथ आली तेव्हा सबंध देशात डॉक्टर दीडशेच्या आत. मे २०१४मध्ये गिनीच्या सीमेलगतच्या कायलाहुन जिल्ह्यात पहिले रुग्ण सापडले आणि जुलैअखेर आणीबाणी लागू झाली. मुले सुट्टीवर गेली ती सप्टेंबरात परतलीच नाहीत. संशयित रुग्णांना ठेवायला जागा हवी म्हणून काही शाळाच ताब्यात घेतल्या गेल्या. ज्या वर्गातून प्रेत उचलून नेलेले गावाने पाहिले, त्याच वर्गात आपले पोर बसवायला कोण आईबाप सहजासहजी तयार होतील? भिंती औषधाने धुतल्या हे सांगून भागत नव्हते. गावच्या मुखियांनी, मशिदीच्या इमामांनी, चर्चच्या पाद्र्यांनी ते आपल्या तोंडाने सांगावे लागले.

शाळेच्या फाटकाशी झाकणाची बादली, तिला तळाशी तोटी, आत क्लोरीनचे पाणी, खाली सांडपाण्याला दुसरी बादली. मुलांनी हातभर अंतर सोडून रांग लावायची, हात धुवायचे, मग मास्तर कपाळासमोर तापमापकाचे पिस्तूल धरणार. ताप नसेल तर आत. कोणी कोणाला शिवायचे नाही, डब्यातला घास वाटून खायचा नाही. बरीच मुले मित्राच्या गळ्यात हात टाकायलाच शाळेत येतात. त्यांना हे किती जड गेले असेल, ते वेगळे सांगायला नको.

मात्र या बादलीमागे आणि पिस्तुलामागे शास्त्र होते. इबोलाचा विषाणू हवेतून पसरत नाही. रक्त, ओकारी, घाम अशा शरीरस्रावांतून तो पसरतो आणि लक्षणे दिसू लागेपर्यंत लागण झालेला माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते एकवीस दिवस जातात. म्हणजे अंगात ताप नसलेल्या मुलापासून शेजारच्या मुलाला त्या दिवशी जवळजवळ धोका नाही, हे छातीठोकपणे सांगता येत होते. मोजायची गोष्ट आणि घाबरायची गोष्ट एकच होती.

पाच वर्षांनी कोविड आला आणि तेच पिस्तूल जगभर पोचले. आपल्याकडे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमनसुद्धा ते कपाळाकडे रोखायचा, आकडा न बघताच मान हलवायचा, आणि आपण आत जायचो. कोविड लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही पसरत होता. त्यामुळे फाटकावरची ही तपासणी बव्हंशी उपचारापुरती उरली. खिडक्या उघडणे, वर्ग झाडाखाली भरवणे, एका बाकावरची मुले कमी करणे हे जास्त कामाचे होते. पण ते छायाचित्रात उठून दिसत नाही.

सिएरा लिओनमध्येही पिस्तुलाला एक मर्यादा होतीच. तिथे मलेरिया बारमाही. मुलाचे अंग तापणे ही घराघरातली नेहमीची गोष्ट. फाटकावर आकडा चढला तर तो मलेरियाचा की इबोलाचा, हे यंत्र सांगणार नव्हते. सगळ्या वर्गाच्या नजरा त्या मुलाकडे वळणार आणि उद्या ते यायचे नाव काढणार नाही. घरी परत पाठवलेल्या मुलाचे पुढे काय करायचे, तपासणीला कोणी न्यायचे, हे आधी ठरलेले असेल तर पिस्तूल उपयोगी. नाहीतर तापलेले पोर औषधाशिवाय घरी बसवायचे ते एक साधन.

इथपर्यंतची हकीकत कौतुकाची आहे. पण त्याच एप्रिलमध्ये त्याच फाटकावर आणखी एक तपासणी सुरू झाली. गरोदर असल्याचे दिसून येणाऱ्या मुलींना शाळेत बसता येणार नाही, परीक्षाही देता येणार नाही, असे सरकारने जाहीर केले. इतर ‘निष्पाप’ मुलींवर वाईट परिणाम होईल, हे कारण. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी मुलींच्या जबान्या गोळा केल्या. त्यांत परीक्षेच्या आधी पोट आणि छाती चाचपून पाहिल्याचे, लघवी तपासायला लावल्याचे उल्लेख आहेत. ज्या देशात नऊ महिने कोणी कोणाला शिवायचे नाही असा दंडक होता, त्या देशात मुलींच्या अंगाला हात लावून त्यांना शाळेबाहेर काढले जात होते.

या मुली गरोदर राहिल्या कशा? साथीत मुली कर्त्या झाल्या, लहान भावंडांच्या आया झाल्या, काहींच्या घरी कमावते कोणी उरले नाही. खाण्यापिण्याच्या बदल्यात पुरुषांची मर्जी राखावी लागली. कित्येकींवर थेट जबरदस्ती झाली. दवाखाने बंद किंवा भीतीचे. या काळात १८ हजारांवर किशोरवयीन मुली गरोदर राहिल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या पाहणीत होता. बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने तिथल्या गावांत किशोरवयीन मुलींसाठी क्लब चालवले होते. ओरियाना बांदिएरा आणि सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास केला. जिथे साथीने व्यवहार जास्त विस्कटले आणि क्लब नव्हते, तिथे शंभरातल्या आणखी सोळा मुली शाळेबाहेर गेल्या. क्लब असलेल्या गावांत हे नुकसान बरेच टळले. क्लब म्हणजे मुलींनी एकत्र बसायची हक्काची खोली, बरोबर एखादी थोडी मोठी ताई, आरोग्याची माहिती, हाताला काही काम शिकवणे. मला या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते हे की वाचवणारी गोष्ट इतकी साधी होती. मुलींचा वेळ कुठे आणि कोणाबरोबर जातो, एवढ्यावर बरेच ठरत होते. शाळा बंद करताना आपण धडे बंद करतो असे आपल्याला वाटते. त्या मुलींचे दिवसाचे सहा तास सुरक्षित ठेवणारी जागाच बंद झाली होती.

म्हणून ‘सुरक्षितपणे शाळा उघडणे’ हे शब्द वाचले की मला विचारावेसे वाटते, कोणापासून सुरक्षित? विषाणूला मोजायला यंत्र होते. बाकीच्या धोक्यांना यंत्र नव्हते, आणि त्यांचा मार ज्यांनी खाल्ला त्यांनाच धोका ठरवून बाहेर ठेवले गेले. नंतर सरकारने अशा मुलींसाठी वेगळी केंद्रे काढली. आठवड्यातून तीन दिवस, मोजकेच विषय. काहीच नसण्यापेक्षा बरे, असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. वेगळ्या दाराने आत घेणे हा बाहेर ठेवण्याचाच सभ्य प्रकार आहे.

बंदी उठवायला न्यायालयात जावे लागले, तेही देशाबाहेर. पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी ही बंदी भेदभावाची ठरवली. अध्यक्ष ज्युलियस माडा बिओ यांच्या सरकारने ३० मार्च २०२० रोजी ती मागे घेतली. आणि ३१ मार्चला देशात कोविडचा पहिला रुग्ण सापडला. शाळा पुन्हा बंद. पाच वर्षांनी उघडलेले फाटक त्या मुलींच्या तोंडावरच मिटले.

या खेपेला मात्र देशाला अनुभव होता. रेडिओवरचे धडे इबोलाच्या काळातच बसवलेले होते, ते लगेच सुरू झाले. बॅटरीचे पैसे कोणाकडे आणि रेडिओ घरात कोणाच्या हातात, हे प्रश्न तसेच राहिले. जुलैत परीक्षेचे वर्ग आधी बोलावले गेले, बाकीच्या शाळा ५ ऑक्टोबर २०२०ला उघडल्या. परीक्षेचे वर्ग आधी हा क्रम सगळीकडेच दिसतो, आणि त्यामागचे गणित कळते. पण परीक्षेपर्यंत पोचलेले पोर म्हणजे आधीच तग धरलेले पोर. नुकतीच अक्षरओळख झालेले, सहा महिन्यांत ती विसरलेले पहिली-दुसरीतले पोर रांगेत शेवटी उभे राहते, कारण त्याच्या नावाने कुठलाच निकाल लागायचा नसतो.

२०२१मध्ये सिएरा लिओनने गरोदर मुली, आया झालेल्या मुली, अपंग मुले, गरीब आणि दूरच्या वस्त्यांतली मुले या सगळ्यांना शाळेत सामावून घेण्याचे धोरण जाहीर केले. कागद चांगला आहे. तो अमलात आणायचा म्हणजे हजेरीपट उघडायचा, न आलेल्यांची नावे काढायची आणि त्यांच्या घरी जायचे. ते जाणार कोण, तर मास्तर. आणि तिथल्या शिक्षकांपैकी फार मोठा वाटा सरकारी पगारपत्रकावर नाहीच. गावाने वर्गणीतून दिले तेवढे घ्यायचे, कधी तांदूळ, कधी शेतावरची मदत. बादल्या आणि पिस्तुले देणगीतून येतात, त्यांचा हिशेब नीट ठेवला जातो. बिनपगारी मास्तराने शनिवारी चार मैल चालत जाऊन एका मुलीच्या बापाची समजूत घातली, तर तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा, हे अजून कोणत्याच मंत्रालयाने ठरवलेले नाही.