एसओपीला किती वेळ द्यावा?

परदेशात एमएस करायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मुलांच्या घरी गणपती-दसऱ्याच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो: एसओपीला, म्हणजे अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ला, किती वेळ द्यायचा? कन्सल्टन्सीवाले म्हणतात, सहा महिने आधी सुरुवात करा. सीनियर म्हणतो, मी तर एका रात्रीत उरकला. दोघांचाही हिशेब फसवा आहे, कारण काय सांगायचं हे ठरवणं आणि ते लिहून काढणं ही दोन वेगळी कामं ते एकाच खात्यात टाकतात.

लिहून काढायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पहिल्या कामाला, आणि त्याची सवय आपल्या व्यवस्थेने मुलांना लावलेलीच नसते. दहावीला चांगले गुण म्हणून सायन्स, बारावीनंतर सीईटीचा पर्सेंटाइल, मग कॅप राउंडमध्ये कटऑफ पाहून भरलेला पसंतीक्रम. मेकॅनिकल का, कॉम्प्युटर का, हे त्या वाटेवर सहसा कुणी विचारत नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी एक परकं विद्यापीठ ते विचारतं आणि हजारेक शब्दांत उत्तर मागतं. मग मूल स्वतःकडे वळण्याऐवजी नमुने शोधू लागतं.

नमुन्यांच्या मागे लागलं की काय होतं, हे ब्रिटनने पाहिलेलं आहे. तिथले पदवीचे अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. २००७ साली तिने सुमारे ५० हजार अर्जांतली एसओपीसारखी निवेदनं तपासली, तेव्हा २३४ मुलांनी एकच आठवण सांगितल्याचं आढळलं: आठव्या वाढदिवशी मिळालेल्या केमिस्ट्री सेटने पायजम्याला पाडलेली भोकं! या मुलांनीही वेळ दिलाच असणार, पण तो दुसऱ्याचं बालपण निवडण्यात गेला. २०२६च्या प्रवेशांपासून यूकॅसने सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न ठेवले आहेत: हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी झाली आणि वर्गाबाहेर काय केलं. एकूण मर्यादा मात्र जुनीच, ४००० अक्षरांची. कोऱ्या पानापुढे बसलेल्या मुलाची खरी अडचण शैलीची नसते, हेच या बदलाने मान्य केलं.

म्हणून माझं मत असं: दोन-तीन आठवडे नुसती टिपणं काढावीत. कुठला प्रोजेक्ट फसला आणि का, कुठला पेपर स्वतःहून वाचला, कुठल्या लॅबमधलं काम खुणावतं. पहिला खर्डा एक-दोन बैठकींत, हवा तर मराठीतच. आठवडाभर तो बाजूला ठेवावा. मग दोनदा सुधारावा, एकदा विषय जाणणाऱ्याला आणि एकदा आपल्याला ओळखणाऱ्याला दाखवावा आणि थांबावं. विद्यापीठागणिक बदलायचा परिच्छेद तेवढा वेगळा; त्याला तिथल्या अभ्यासक्रमाची माहिती काढण्याइतका वेळ पुरतो. त्यापुढच्या प्रत्येक सुधारणेत ‘लहानपणापासूनची आवड’ शिरते, समुपदेशकाची इंग्रजी शिरते, हल्ली एआयची सफाईही शिरते. लिहिणारा मात्र हळूहळू बाहेर पडतो.

यावर रास्त आक्षेप असा की मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजीसाठी जास्त वेळ लागणारच. लागू द्यावा, तो भाषेचा वेळ आहे आणि त्यात कमीपणा नाही. पण ऐन शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट बाजूला सारून महिनोन्‌महिने एसओपी घासत बसणं हा घाट्याचा व्यवहार आहे. निवड करणारे गुण, शिफारसपत्रं आणि प्रत्यक्ष काम यांच्या जोडीनेच तो कागद वाचतात. शिवाय त्या कागदावर लिहिण्याजोगं जे काही घडायचं, ते प्रोजेक्टमध्येच घडणार असतं.

खरा उपाय अर्जाच्या हंगामाबाहेरचा आहे. इंजिनीअरिंगच्या प्रत्येक वर्षाअखेर कॉलेजने मुलांकडून एकच पान लिहून घ्यावं: यंदा काय शिकलो आणि पुढे काय शिकावंसं वाटतं. त्याला गुण देऊ नयेत, नाहीतर त्याचेही नमुने बाजारात येतील. अशी तीन पानं हाताशी असलेल्या मुलाला एसओपीसाठी पंधरवडा पुरेल, आणि परदेशी जाणं रद्द झालं तरी ती पानं वाया जाणार नाहीत.