शिकलेलं मत

मतदानाच्या आदल्या रात्री सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याच्या मेढ्याला झोप नसते. मुंबईच्या गाड्या एकामागून एक येत राहतात. वाशीच्या बाजारात गोण्या वाहणारे, घणसोली-कोपरखैरण्यात संसार थाटलेले जावळीकर पहाटेपर्यंत आपापल्या गावी उतरतात, आंघोळ करतात, ग्रामदैवताच्या पाया पडतात आणि मतदानाच्या रांगेत उभे राहतात. त्या रांगेत एका वर्षी माझी काकी उभी होती. ती शाळेची पायरी कधी चढलेली नाही. मुंबईहून आलेला पदवीधर पुतण्या तिच्या मागे होता. घरी परतल्यावर त्याने विचारलं, "काकी, कुणाला टाकलंस?" काकी चुलीकडे वळली आणि म्हणाली, "टाकायचं त्येला टाकलं बघ. तू आधी जेवून घे."

दोघांची मतं त्या दिवशी एकाच यंत्रात पडली. त्यांतलं शिकलेलं मत कोणतं, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. कारण निकाल लागला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. आपल्या पक्षाला मत देणारा भाग सुशिक्षित आणि दुसऱ्या पक्षाला देणारा अडाणी. सगळ्याच पक्षांचे समर्थक हे मनापासून बोलतात. एखाद्या प्रदेशाची शैक्षणिक पातळी आणि त्याचा राजकीय कल यांचा खरोखर संबंध असतो का, हे एकदा शांतपणे तपासून पाहायला हवं.

आधी देशाकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के होती, गोव्याची जवळपास ८९ आणि त्रिपुराची ८७. केरळमध्ये सत्ता डाव्या आणि काँग्रेस आघाड्यांमध्ये फिरत राहिली आणि भाजपला तिथून लोकसभेची पहिली जागा २०२४ मध्ये मिळाली. गोव्यात २०१२ पासून भाजपचं सरकार आहे. त्रिपुराने सलग पंचवीस वर्षं डाव्यांना निवडून दिलं आणि २०१८ मध्ये भाजपला. त्या वर्षी त्रिपुरातल्या शाळा बदलल्या नव्हत्या, मतदार तेच होते. साक्षर प्रदेश अमुक बाजूला झुकतो, असा नियम या तीन राज्यांतून निघत नाही.

आता घरचंच बघू. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता २०११ साली ८१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान होती, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या आसपास. २०१४ साली देशात आणि राज्यात भाजपची लाट होती. तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आठ विधानसभा जागांपैकी पाच राष्ट्रवादीने, दोन काँग्रेसने आणि एक शिवसेनेने जिंकली. भाजपच्या वाट्याला एकही आली नाही. २०२४ मध्ये आठच्या आठ जागा भाजपप्रणीत महायुतीकडे गेल्या आणि त्यांतल्या चार भाजपच्या होत्या. दहा वर्षांत जिल्ह्याचं शिक्षण एवढी कूस बदलत नाही. मेढा ज्या सातारा मतदारसंघात येतो तिथे तर आमदारही तेच राहिले. शिवेंद्रसिंहराजे भोसले २०१४ साली राष्ट्रवादीचे होते आणि २०१९ पासून भाजपचे. माणूस तोच, मतदार तेच, बदललं ते चिन्ह. याचं उत्तर शाळेच्या पटावर सापडणार नाही. ते कारखाना, बँक, वाडा आणि सत्तेशी जुळवून घेण्याची गरज यांत शोधावं लागेल.

आकड्यांची आणखी एक गोम आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९५० साली ती दाखवून दिली. त्याने १९३० च्या अमेरिकन जनगणनेचे आकडे घेतले. ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे साक्षरताही जास्त दिसली. त्यावरून हे लोक अधिक साक्षर असावेत, असं कुणालाही वाटेल. माणसामाणसाचा हिशेब केला तेव्हा उलटंच निघालं. स्थलांतरितांत निरक्षर जास्त होते, फक्त ते जाऊन राहिले होते मुळातच साक्षर असलेल्या राज्यांत. प्रदेशाच्या सरासरीवरून माणसाबद्दल बोलू नये, हा त्यातला धडा.

हा धडा मेढ्याला जसा लागू पडतो तसा क्वचितच दुसऱ्या गावाला पडत असेल. जावळीची लोकसंख्या जेमतेम लाखाच्या घरातली. शेती डोंगरउताराची, पाऊस अतोनात आणि उन्हाळ्यात हंडे रिकामे. कोयनेच्या जलाशयाने खोऱ्यातली गावं उठवली, आणि केळघर-मेढा भाग अजून बोंडारवाडीच्या धरणाची वाट पाहतो आहे. दहावी-बारावी झालेला मुलगा इथे थांबत नाही. तो पुण्याला, मुंबईला, नवी मुंबईला जातो आणि त्याचं शिक्षण तिथल्या आकड्यात मिळवलं जातं. गावाच्या नावावर राहतात ती म्हातारी माणसं आणि बायका. मतदानाच्या दिवशी मात्र तोच मुलगा इथे येऊन मत देतो. मग मेढ्याची शैक्षणिक पातळी मोजायची कशी? तालुक्याने घडवलेलं शिक्षण एका ठिकाणी, नोंदलेलं दुसऱ्या ठिकाणी आणि दिलेलं मत तिसऱ्याच हिशेबात.

या मुलांचे बाप आणि आजे माथाडी होते. अण्णासाहेब पाटील शेजारच्या पाटण तालुक्यातले. त्यांनी पाठीवर ओझं वाहणाऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. चौथीत शाळा सुटलेला हमाल टोळीत राहून मजुरीचा हिशेब, भविष्य निर्वाह निधी, मंडळाची नोंदणी आणि मोर्चा हे सगळं शिकला. जनगणनेच्या रकान्यात त्याचं शिक्षण चौथीच राहिलं. राजकारण त्याला कळत नव्हतं असं त्याच्या तोंडावर म्हणण्याची हिंमत कुणी करणार नाही.

मागे गेलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत सातारा भागाने क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडून दिलं. ते कम्युनिस्ट पक्षाचे, कधीकाळी तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत उतरलेले आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे नेते. त्याच निवडणुकीत विद्येचं माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्याने काकासाहेब गाडगीळांसारख्या काँग्रेसच्या मोठ्या नेत्याला नाकारून समाजवादी ना. ग. गोरे यांना पाठवलं. पुण्यातला प्राध्यापक आणि साताऱ्यातला अंगठेबहाद्दर शेतकरी यांनी एकाच वेळी काँग्रेसला नकार दिला, कारण दोघांनाही मुंबईसह महाराष्ट्र हवा होता. त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी प्रतापगडावर आले, तेव्हा वाटेवर काळी निशाणं घेऊन उभ्या राहिलेल्या हजारोंत दोन्ही प्रकारची माणसं होती. मुद्दा काळजाला भिडला की शिक्षणाचं अंतर गळून पडतं.

शिक्षण आणि कल यांचा संबंध थेट पाहायचा तर एक जागा अशी आहे जिथे फक्त शिकलेलेच मत देतात. विधान परिषदेचा पुणे पदवीधर मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचा आहे. पदवी मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात, आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं. या पाच जिल्ह्यांतला ग्रामीण मतदार लोकसभा-विधानसभेला दीर्घकाळ काँग्रेस आणि पुढे राष्ट्रवादीच्या मागे उभा होता. त्याच काळात पदवीधरांनी १९९० ते २००२ भाजपच्या प्रकाश जावडेकर यांना, तर २००८ आणि २०१४ मध्ये भाजपच्याच चंद्रकांत पाटील यांना निवडून दिलं. मध्ये एकदा जनता दलाचे प्रा. शरद पाटील आले, एवढाच अपवाद. पदवीधर झाला की माणूस भाजपकडे झुकतो, असा निष्कर्ष तेव्हा कुणी काढला असता तर त्याला खोडणं अवघड होतं.

डिसेंबर २०२० मध्ये मात्र राष्ट्रवादीचे अरुण लाड निवडून आले. ते सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचे, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे फील्ड मार्शल असलेल्या जी. डी. बापू लाड यांचे चिरंजीव. त्याच निवडणुकीत नितीन गडकरींनी पाव शतक राखलेला नागपूर पदवीधर मतदारसंघही काँग्रेसकडे गेला. राष्ट्रवादी, काँग्रेस आणि शिवसेना या तीन पक्षांची आघाडी हे त्याचं एक कारण होतंच. पण त्याहून खोलवरचा बदल मला वेगळा वाटतो. पदवी आता शहरी पेठांपुरती उरलेली नाही. कुंडल, इस्लामपूर, कराड, कोरेगाव इथल्या शेतकऱ्यांची मुलं आणि मुली पदवीधर झाल्या, आणि त्यांचे अर्ज भरून घ्यायला कारखान्यांची, बँकांची आणि शिक्षणसंस्थांची माणसं घरोघर फिरू लागली. पदवी तीच आणि ती घेणारं घर वेगळं, म्हणून मतही वेगळं. आधीचा संबंध पदवीचा नव्हताच. पदवी कोणत्या जातीच्या आणि कोणत्या पेठेच्या घरांत पोचली होती, त्याचा तो संबंध होता.

जगभरातला अनुभवही याच्या जवळ जातो. अमोरी गेथिन, क्लारा मार्टिनेझ-टोलेडानो आणि थॉमस पिकेटी यांनी पाश्चात्त्य लोकशाह्यांतल्या अनेक दशकांच्या निवडणुका तपासल्या. १९५०-६० च्या दशकांत कमी शिकलेले लोक डाव्या पक्षांना मत देत. आता तिथे जास्त शिकलेले डावीकडे झुकतात. संबंध आहे, पण साठ-सत्तर वर्षांत त्याची दिशाच उलटली. भारताबद्दल पिकेटी, गेथिन आणि अभिजित बॅनर्जी यांच्या अभ्यासात जात आणि धर्म हे घटक शिक्षण-उत्पन्नापेक्षा वरचढ दिसतात.

मग शिक्षणाचा राजकारणाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो सातारा जिल्ह्याइतका घट्ट फार थोड्या ठिकाणी सापडेल. फक्त तो किती शिकलात यात सापडत नाही. कुणाच्या जिवावर शिकलात यात सापडतो.

भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची. ते सत्यशोधक विचारांचे होते. पंगत हाच त्यांचा राजकीय कार्यक्रम होता, असं मी म्हणेन. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातलं. पैसा कमी पडला तेव्हा मुष्टिफंड निघाला. दळायला बसताना बाईने एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते शाळेला द्यायचं. त्या मुठीकडे जरा थांबून पाहावं. जी बाई स्वतः कधी अक्षर शिकली नाही, तिच्या मुठीवर दुसऱ्याचं पोर शिकत होतं. ते पोर ऋणी असेल तर सगळ्या मुलखाचं, कुण्या एका नेत्याचं नाही. म्हणूनच भाऊराव सरकारलाही सुनावू शकले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचं अनुदान थांबवलं, तरी संस्था मोडली नाही.

पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ झाली आणि खेड्यातली पोरं कॉलेजात लोटली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. स्वतः फारसं शालेय शिक्षण न मिळालेल्या स्वातंत्र्यसैनिकाने, सांगलीच्या तुरुंगातून निसटताना गोळी झेललेल्या माणसाने हा निर्णय घेतला, आपल्या भागातल्या मुलांना कर्नाटकात जावं लागू नये म्हणून. त्यातून खूप मुलं शिकली हे मी मानतो. पण त्याच वाटेने शाळा-कॉलेज हे राजकीय घराण्यांचं भांडवलही झालं. मेढ्यातल्या महाविद्यालयालाही एका आमदारांचं नाव आहे. हे एकट्या मेढ्याचं नाही, पश्चिम महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक तालुक्याचं आहे. जिथे प्रवेशासाठी चिठ्ठी लागते आणि शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थाचालकाचं घर गाठावं लागतं, तिथे शिक्षणाने मतदार मोकळा होत नाही. उलट तो जास्त जखडला जातो. निरक्षर शेतमजूर एका दिवसाच्या मजुरीपुरता मिंधा असतो. कायम व्हायची वाट पाहणारा तासिका तत्त्वावरचा पदव्युत्तर प्राध्यापक वर्षानुवर्षं मिंधा असतो.

म्हणून माझ्या मते प्रश्नच बदलायला हवा. प्रदेश किती शिकला हे विचारून त्याचा राजकीय कल कळत नाही. तिथल्या माणसाला आपलं मत कुणाच्या उपकाराविना देता येतं का, हे विचारलं तर बरंच काही कळतं. शिक्षणाने ती ताकद द्यावी, हीच भाऊरावांची अपेक्षा होती.

ती ताकद कशी दिसते हे मेढ्याने एकदा दाखवलं आहे. २००८ च्या शासन आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद होतं. गैरहजर राहणारी प्रत्येक बाई दुकानाच्या बाजूने मोजली जाते, इतकी ही अट कडक आहे. मेढ्यात असं मतदान झालं आणि बाटली आडवी झाली. जिल्ह्यात स्त्रियांची साक्षरता २०११ साली पुरुषांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी होती. तरीही त्या मतपत्रिकेवरचा शब्द वाचायची गरज कुणालाच पडली नाही. त्या बाटलीचा अर्थ त्यांना घरात कळला होता.

काकी त्या रांगेतही होती. परवा मी तिला विचारलं, त्या वेळी कुणी सांगितलं होतं का, शिक्का कुठे मारायचा ते. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्या येळेला कुणी सांगाय लागलं नव्हतं. बाकीच्या येळेला मात्र सगळीच सांगाय येत्यात, आन् त्यातली निम्मी शिकल्याली असत्यात."