पाऊस परततो, वाढ परतत नाही



१९९४-९५ साली झिंबाब्वेत दुष्काळ पडला. खेड्यांतील एक ते दोन वर्षांच्या बालकांची वाढ दीड ते दोन सेंटिमीटरने खुंटल्याचे अभ्यासकांना आढळले. पुढे पाऊस परतला, पण ती तूट पुरती भरून निघाली नाही. गरीब घरांत हानी सर्वाधिक झाली.

ह्याला आपण 'देवाची इच्छा' म्हणावे काय? दुष्काळ सर्वांवर आला. घास मात्र गरिबाच्या ताटातून आधी गेला. पाऊस आपल्या हाती नाही, वाटून खाणे आहे. मोठ्या माणसाची भूक उद्याही भागवता येते. बाळाच्या वाढीचे दिवस उद्यावर ढकलता येत नाहीत. म्हणून उशिरा दिलेले दान दयेचे असेल, न्यायाचे नसते. आपल्या धर्मग्रामात असे एखादे उपाशी बाळ असेल, तर त्याच्या घरी ह्याच आठवड्यात जाऊ या.