देवाची जत्रा आणि विठाबाईंचा फड

देवापुढची कला पवित्र, तर कलावंत हलका कसा? तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002) यांच्या आयुष्यात हा प्रश्न ठळक दिसतो. त्यांचा जन्म पंढरपूरचा, पण तिथले विठ्ठल मंदिर त्यांच्यासारख्या दलितांना खुले झाले 1947 मध्ये.

जुन्नर-आंबेगावच्या जत्रांसाठी नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, सुपाऱ्या ठरतात. खेळ गणाने, म्हणजे गणेशवंदनेने उघडतो. मग गवळणीत मावशी हे पात्र खुद्द कृष्णाशीच हुज्जत घालते. देवाला ही थट्टा चालते. विटाळ मानला तो माणसांनी. भर खेळात बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून विठाबाई पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्याचे सांगतात. राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, तरी हलाखी सुटली नाही. आज शासनाचा तमाशा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.